विंगेतल्या कुसुमताई

पडदा वर जातो तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात. हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. उजव्या हाताला बाल्कनी. खालच्या बाजारातला कलकलाट तिथून न बोलावता वर येतो. डाव्या हाताला स्वयंपाकघर. मधोमध वेताची खुर्ची आणि खुर्चीत अंबाजीराव, वय वर्षं शहात्तर, अंगात इस्त्रीचा सदरा, उजवा हात मांडीवर ठेवलेला. ठेवलेला म्हणजे दुसऱ्या कुणीतरी उचलून ठेवलेला. समोर मोड्यावर, म्हणजे वेताच्या बुटक्या बैठकीवर, त्यांच्या पत्नी कुसुमताई. नाकावर चष्मा, हातात दोनशे पानी वही आणि चेहऱ्यावर तिसरी घंटा व्हायच्या आधीची लगबग.

“प्रवेश पहिला,” त्या वाचू लागल्या. “पुढचा रविवार, दुपारी चार. अंबाजीराव डाव्या पायानं लिफ्टमध्ये शिरतात. मागोमाग कुसुम. काठी, पाण्याची बाटली, शाल. निशिगंधा खाली गाडीचं दार उघडून उभी. प्रवेश दुसरा, सभागृह. पायऱ्यांकडे बघायचंसुद्धा नाही. डावीकडून उताराची वाट आहे, मी स्वतः जाऊन बघून आले. प्रवेश तिसरा, मध्यंतर. गोळी आणि दोन बिस्किटं. चहा नक्को, नाहीतर ऐन रंगात आलं की उठावं लागेल.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “काही राहिलं का हो?”

“हो,” अंबाजीराव म्हणाले.

“काय राहिलं?”

“हो.”

पलंगावर पाय पसरून बसलेली निशिगंधा हसली. ही त्यांची नात, गच्चीबावलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला, दर शनिवारी आजीकडे जेवायला येणारी. “आजी, लोक लग्नाचंसुद्धा एवढं प्लॅनिंग करत नाहीत.”

“तू तुझ्या लग्नाचं कर आधी, मग मला शिकव. आणि तिकिटं कुठली काढलीस, नीट सांग पुन्हा.”

“एफ रो, कडेच्या दोन. तुझी आणि आजोबांची. मी मागे बसते, मला ते शुद्ध मराठी झेपत नाही.”

“झेपेल. गाणी आहेत त्यात.”

अंबाजीरावांनी डाव्या हातानं वही हळूच बाजूला सारली. कुसुमताईंना वाटलं, उजेड त्यांच्या डोळ्यांवर येतोय. त्यांनी उठून बाल्कनीचा पडदा ओढला.

आता या दोघांविषयी थोडं सांगायला हवं. कुसुमताई गौलीगुड्याच्या. वडिलांचं भांड्यांचं दुकान. एकोणीस वर्षांच्या असताना मराठी मंडळींच्या हौशी नाटक संस्थेत जायला लागल्या. पोरीनं तोंडाला रंग लावायचा नाही ही वडिलांची अट. पण विंगेत उभं राहून नाटकाची वही धरायला त्यांची हरकत नव्हती, कारण तिथे ती कुणाला दिसणार नव्हती. तेव्हापासून एकतीस वर्षं त्या प्रॉम्प्टर होत्या. डावी विंग, एक स्टूल, चाळीसचा दिवा आणि वही. पुटपुटल्यासारखा शब्द टाकायच्या. नटाला पोचायचा, पहिल्या रांगेला कळायचा नाही. त्यांच्या वहीतले तांबड्या पेन्सिलीचे उभे दांडे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होते. जिथे नट मुद्दाम थांबतो तिथे दांडा. दांडा असेल तिथे आकाश कोसळलं तरी शब्द द्यायचा नाही. नट विसरला आहे की थांबला आहे हे ओळखणं म्हणजेच प्रॉम्प्टिंग, असं त्या नव्या मुलींना सांगायच्या. वाचता काय कुणालाही येतं.

अंबाजीराव उदगीरकडच्या शेतकरी घरातले, वीजखात्यात नोकरीला लागलेले आणि गळा घेऊन आलेले. ‘संगीत कनकलेखा’मध्ये नायकाचं काम करायचे. नांदेडच्या प्रयोगात, तिसऱ्या अंकात, निरोपाच्या पदाआधी ते थांबले. तालमीत तिथे कधी थांबले नव्हते. वहीत दांडा नव्हता. ऑर्गनवाले शिवराज विंगेकडे बघून मानेनं खुणावत होते, दे, दे. कुसुमताईंनी वहीत बोट घालून वही मिटली आणि गप्प राहिल्या. मग अंबाजीरावांनी सूर लावला आणि त्या पदाला दोन वन्समोअर आले. प्रयोगानंतर रंग पुसता पुसता ते म्हणाले, “तू शब्द दिला असतास ना, तर मी मेलो होतो.” पुढच्या वर्षी लग्न झालं.

संस्था कधीच बंद पडली. लग्नाला आता पन्नास वर्षं होत आली. सगळा संसार नाटकात गेला, पण दोघं शेजारीशेजारी बसून नाटक बघितलंय असं एकदाही झालं नव्हतं. एक उजेडात, एक अंधारात. संस्था संपल्यावर हैदराबादेत संगीत नाटक येणंच थांबलं. तीन आठवड्यांपूर्वी पुण्याची एक मंडळी ‘कनकलेखा’ घेऊन येणार असल्याचा निरोप मोबाइलवर आला, तेव्हा कुसुमताईंच्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच. एवढं एकदा होऊ दे.

मागच्या वर्षी संक्रांतीनंतर अंबाजीरावांना झटका आला होता. उजवा हात गेला, पाय निम्मा गेला आणि बोलणं गेलं. सगळं कळत होतं. शब्द तोंडाशी येऊन परत फिरायचे. एक ‘हो’ तेवढा सुटा यायचा, आणि तो हव्यालाही यायचा आणि नकोलाही. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं, हा ‘हो’ त्यांचा म्हणून धरू नका. पण चोवीस तास घरात राहणाऱ्या माणसाला काहीतरी धरावं लागतं. अंबाजीराव “मला…” म्हणून अडले की कुसुमताई शब्द द्यायच्या. चहा? पंखा? मोरीत जायचंय? ते “हो” म्हणायचे, आणि काम पुढे सरकायचं.

नाटकाचा निरोप वाचून दाखवला त्या दिवशीही तसंच झालं. “मला… कनक… मला…” एवढं बोलून ते अडकले. डोळे भरून आले.

“बघायचंय ना? बघायचंय तुम्हाला,” कुसुमताई म्हणाल्या आणि त्यांचेही डोळे भरले. “हो,” अंबाजीराव म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

मग तीन आठवडे घरात तालीम चालली. खुर्चीतून उठून दारापर्यंत, दारातून लिफ्टपर्यंत. जिना लागलाच तर कुठला पाय आधी. नवा कुर्ता आणला. डाव्या हातानं लावता येतील असे बटणांच्या जागी चिकटपट्टे शिवून घेतले. अंबाजीराव कुर्त्याच्या बाहीत हात घालू देईनात. हात आखडलाय म्हणून कुसुमताईंनी तेल लावून चोळला. चोळता चोळता त्या निरोपाचं पद गुणगुणायच्या. अंबाजीराव तोंड घट्ट मिटून भिंतीकडे बघायचे. असे ते पूर्वीही प्रयोगाच्या दिवशी कुणाशी बोलत नसत, हे आठवून कुसुमताईंना बरंच वाटायचं.

प्रयोग तीन दिवसांवर आला, त्या गुरुवारी श्रुती आली. हिमायतनगरला राहणारी, माहेरची पुण्याची, वाणीचे उपचार करणारी. आठवड्यातून दोनदा यायची. पिशवीत चित्रांचे पत्ते आणि गालावर कायम हसू. ती एका गोष्टीवरून मात्र कुसुमताईंना दर खेपेला बोलायची, आणि त्या दिवशीही दारातूनच म्हणाली, “काकू, आज तोंडात लवंग धरून बसा. काकांचा शब्द तुम्ही चोरायचा नाही.”

“मी चोरते? अगं, मी देते त्यांना.”

“तेच ते. किती वेळ थांबता तुम्ही? तीन सेकंद? काकांना तीस लागतात.”

“तीस सेकंद म्हणजे केवढे, स्टेजवर उभी राहा म्हणजे कळेल तुला.”

“इथे स्टेज नाही काकू. बसा.”

कुसुमताई खरोखर लवंग तोंडात टाकून बसल्या. आज त्यांना श्रुतीला दाखवायचंच होतं, रविवारच्या बेतानं यांच्यात कशी जान आली आहे ते. श्रुतीनं खुर्ची पुढे ओढली. पत्ते पिशवीतच ठेवले. “काका, काकू म्हणाल्या, रविवारी नाटक आहे. मला सांगा ना त्याबद्दल.”

“मला…” अंबाजीराव म्हणाले. “कनक… मला…”

कुसुमताईंचे ओठ हलले. श्रुतीनं त्यांच्याकडे न बघताच हात वर केला.

वेळ गेला. खाली कुणीतरी स्कूटरचा हॉर्न दाबून धरला होता, तो थांबला. अंबाजीरावांच्या कपाळाची शीर उभी राहिली. कुसुमताई त्यांच्याकडे बघत होत्या; तोंडाकडे नव्हे, हाताकडे. डाव्या हाताचा अंगठा खुर्चीच्या वेतावर दाबला जात होता, सुटत होता, पुन्हा दाबला जात होता. एकतीस वर्षं त्यांनी हा अंगठा बाजूनं पाहिला होता, धोतराच्या सोग्याशी. ज्या माणसाला शब्द आठवत नाही तो असा अंगठा चालवत नाही. हा माणूस विसरला नव्हता. तो चालत येत होता, लांबून, आणि दर वेळी पोचायच्या आत त्याच्या तोंडावर दार लागत होतं.

“मला,” अंबाजीराव म्हणाले, “कनकलेखा… नको.”

श्रुतीनं टाळीच वाजवली. “तीन शब्द, काका. काकू, पूर्ण वाक्य झालं. ऐकलंत?”

कुसुमताईंनी ऐकलं होतं. अंबाजीरावांचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी डावा हात उचलून गळ्याला लावला. “ते… गाणार. मी… तिथे…” आणि पुन्हा, अगदी स्वच्छ, “नको.”

श्रुती गेल्यावर कुसुमताई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. लवंग चावली गेली होती. जीभ पोळत होती. त्यांना वही सरकवलेली आठवली, कुर्त्याची बाही आठवली, भिंतीकडे वळलेलं तोंड आठवलं. पण नाटकापाशी ते थांबलं असतं तर बरं होतं. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी अंबाजीराव “मला… गाव…” असं म्हणाले होते. कुसुमताईंनी त्यांना ‘गवार’ हा शब्द दिला होता. भाजी करून वाढली होती, आणि त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली होती. किती “मला” झाले असतील या चौदा महिन्यांत. घरात दिवसभर बोलणं चालायचं, एक प्रश्न, एक उत्तर, आणि दोन्ही आवाज कुसुमताईंचेच होते.

ज्या बाईनं नांदेडला वही मिटली, तिला आपल्या घरात वही मिटता आली नाही. का, तेही त्यांना ठाऊक होतं. तिथे नटाची नाचक्की होण्याची भीती होती, एवढंच. इथे ती शांतता लांबली की वाटायचं, आता हे परत बोलणारच नाहीत.

त्या बाहेर आल्या, मोडा ओढून समोर बसल्या. “चुकलं माझं,” म्हणाल्या. “आपण नाही जायचं. मीही नाही. निशिगंधाला सांगते, तिकिटं कुणाला तरी देऊन टाक.”

अंबाजीराव “हो” म्हणाले. त्या ‘हो’चं काय करायचं हे कुसुमताईंना आता कळत नव्हतं.

रविवारी साडेतीनला दार वाजलं. निशिगंधा, हातात गाडीची किल्ली, अंगात कधी नव्हे ती पैठणीच्या काठाची कुर्ती.

“तुला सांगितलं होतं ना, येऊ नकोस म्हणून.”

“तिकिटं कुणी घेतली नाहीत गं. आणि तू तीन आठवडे त्या उताराची गोष्ट सांगतेयस मला.” ती कुसुमताईंच्या घरातल्या विटक्या साडीकडे बघत राहिली. “आजोबांजवळ मी बसते. तू जा. मी टॅक्सी बोलावते, दारातून दारात.”

“यांना सोडून? उगाच परेशान करू नकोस. चहा ठेवते तुला.”

त्या उठल्या, तेवढ्यात अंबाजीरावांनी डाव्या हातानं त्यांचा पदर धरला. मग पदर सोडून कपाटाकडे बोट केलं. कपाटात, वरच्या कप्प्यात, प्रयोगाला नेसायची म्हणून काढून ठेवलेली मोरपंखी साडी होती.

“तू…” ते म्हणाले.

“तू पण जाऊ नको, असं म्हणताय का, आजोबा?” निशिगंधा पुढे झाली.

“गप्प बस,” कुसुमताई म्हणाल्या. आवाज असा होता की पोरगी जागच्या जागी थांबली. “थोडं थांब, बेटा. येतंय ते.”

कुसुमताई मोड्यावर बसल्या. हात मांडीवर, ओठ मिटलेले. मनातल्या मनात कितीतरी वाक्यं आली, सगळी गोड, सगळी त्यांना हवी असलेली: तू माझ्यासाठी बघून ये, तू आलीस की मला म्हणून दाखव. त्यांनी त्यातलं एकही ओठांवर येऊ दिलं नाही. खाली पाण्याचा टँकर आला, त्याची मोटर सुरू झाली, बादल्यांची ओढाओढ झाली. घड्याळात पावणेचार झाले. निशिगंधानं एकदा फोनकडे पाहिलं आणि तो उपडा ठेवला. अंबाजीरावांचा अंगठा वेतावर चालत होता. त्यांची नजर कुसुमताईंवरून हलत नव्हती, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदाच कुसुमताईंना त्या नजरेत विनवणी दिसली नाही. एक माणूस घाई न करता बोलायला निघाला होता.

“तू… जा,” अंबाजीराव म्हणाले. मग पुन्हा थांबले, आणि त्याही थांबल्या. “आलीस की… मला… काही… सांगू नको.”