सुमनचा ट्रॅक्टर काही हलेना

चहा घ्या आधी. माझ्या अकलेचं दिवाळं कसं निघालं ते सांगतो, मग हसा खुशाल.

सुमन म्हणजे आमची मंडळी. पडून तिचा पाय मोडला आन् तवापासून बागेत जाणं बंद. आमचं गोरेगाव म्हंजी खेडं; बाग घरामागंच, पण लांबलचक. पार टोकाला सुमननं लावलेल्या मोसंब्या. त्या वर्षी त्यांना पहिल्यांदा फळ धरलं आन् ही दारात बसून लांबूनच पाहायची. मला ते बघवेना.

औरंगाबादच्या एका हॉटेलानं गवत कापायचा जुना ट्रॅक्टर विकायला काढला होता. बॅटरीवरचा, एका माणसापुरती सीट. जावयानं टेम्पोत घालून धाडला. म्हटलं, सुमन आता ह्याच्यावर बसून मोसंबीखाली जाईल. राणीवानी!

ते दिवस लोडशेडिंगचे. लाईट कधी येईल, देवाला ठाऊक. म्हणून आमच्याकडं रीतच होती, पिन आत आन् बटन चालू. विहिरीवरची मोटर बी तशीच. ट्रॅक्टरची चार्जिंगची पिन बी मी तशीच लावून ठेवली.

सकाळी पूजा झाली, नारळ फुटला, गल्ली जमली. सुमन नवी साडी नेसून सीटवर बसली. मी चावी फिरवली. दिवा लागला. ट्रॅक्टर मात्र ढिम्म!

विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या रशीदभाईंना बोलावलं. त्यांनी फ्यूज पाहिले, बॅटरी पाहिली. सगळं बराबर हाय म्हणाले. पिन त्यांना दिसली असंल, पण लावलेल्या पिनेचं आमच्याकडं कोणाला नवल? मग सगळे माझ्याकडं पाहू लागले. शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस मी. काहीतरी बोलायला नको का? बोललो!

"सुमन, जरा उतर. तुझ्या वजनानं दबून राहिला तो."

लोक हसले. तिचं तोंड एवढंसं झालं. काठी टेकत ओट्यावर जाऊन बसली आन् म्हणाली, समद्यांना चहा पाजा, घरी जाऊ द्या, मग बघू.

लोक गेले. मी डोकं धरून बसलो. तवा ती हळूच म्हणाली, "आता मागची पिन काढा. चार्जिंगची. ती लावलेली असली की गाडी चालत न्हाई. लेकीनं फोनवर तुमाला बी सांगितलं होतं."

सांगितलं होतं हो! मी नुसतं व्हय व्हय केलं होतं.

"मग तवाच काहून न्हाई बोललीस?"

"चार माणसांत तुमाला खाली पाहायला काहून लावू?"

आता घ्या! त्याच चार माणसांत मी तिचं वजन काढलं होतं. लई वाईट वाटलं मला. गुमान पिन काढली, तिला सीटवर बसवलं आन् गाडी निघाली की! ती पुढं, मी मागं पळतोय. मोसंबीखाली थांबून तिनं फळाला नुसता हात लावला. डोळे मात्र माझेच भरून आले.

संध्याकाळी रशीदभाई आले. बिघाड काय निघाला म्हणून विचारू लागले. आता खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुमन म्हणाली, "ह्यांनीच केला की दुरुस्त."

आन् मी काय केलं? वायरिंगमधी जरासं होतं, म्हणालो!