आबांचा शड्डू
कुस्तीचा सिनेमा बघताना लोक पैलवानाचे दंड बघतात. मी कान टवकारून बसते. कारण अशाच एका सिनेमाच्या पडद्यामागची गंमत मला ठाऊक आहे आणि ती सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहत नाही.

कोल्हापुरात माझी मेस आहे. तिथून जवळच असलेल्या आमच्या गावच्या तालमीत सिनेमाचं शूटिंग लागलं, तेव्हा युनिटचं जेवण माझ्याकडंच होतं. हिरो दिसायला तगडा, दूध कासंडीभर प्यायचा. पण मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला की आवाज यायचा भाकरी थापल्यासारखा! आवाज रेकॉर्ड करणारे साहेब जेवताना वैतागून म्हणाले, "शेवटच्या कुस्तीचा सगळा सीन त्या शड्डूवर उभा आहे. आता मुंबईला जाऊन काहीतरी बडवून आवाज तयार करावा लागणार." सिनेमात आवाज असा मागाहून चिकटवतात, हे मला तेव्हा कळलं. मी वाढता वाढता बोलून गेले, "आमच्या आबांचा ऐका की एकदा!"

आबा म्हणजे माझे वडील. मी शाळेत असतानाच त्यांचा खांदा निखळला आणि कुस्ती सुटली. त्यांची एकही कुस्ती मी बघितलेली नाही. तालमीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही, आणि मैदानाला पोरीला नेतंय कोण? मी तालमीच्या भिंतीबाहेर उभी राहायचे. आतून शड्डू आला की ओळखायचे, आता आबा उतरले. माझ्या वाट्याला आबांची कुस्ती आली ती एवढीच, कानानं ऐकलेली. तोच आवाज आता सिनेमात कायमचा राहील, या कल्पनेनं मला झोप लागेना.

आबांनी आधी साफ उडवून लावलं. "म्हातारपणी मांडी बडवून घेऊ व्हय?" पण दुसऱ्या दिवशी बघते तर स्वारी दाढी करून, लंगोट लावून गोठ्यापुढं तयार! साहेबांनी केसाळ माइक पुढं केला.

"पावणं, ह्ये मांजर जरा लांब धरा," आबा म्हणाले. "आवाजानं बिथरंल."

पहिल्या वेळी म्हैस हंबरली. दुसऱ्या वेळी शेजारचा कुकर शिट्टी देऊन मोकळा झाला. मग आबांनी श्वास भरला आणि असा ठोकला की साहेबांनी कानावरचे हेडफोन ओरबाडून काढले. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच आवाज! साहेब मात्र जाताना सावधपणे म्हणाले, "मुंबईत ऐकून ठरवू. दुसरा बरा वाटला तर तो वापरू."

झाली का पंचाईत! मी तर मेसवर येईल त्याला सांगून बसले होते.

सिनेमा लागला त्या दिवशी मेसला कुलूप घातलं आणि आबांना घेऊन पहिल्याच शोला गेले. एकदाची शेवटची कुस्ती आली. हिरोनं हात उचलला. मी आबांचं मनगट घट्ट धरलं. हात मांडीवर पडला, आणि तो आवाज नीट कानात शिरायच्या आत अख्खं थिएटर उठलं! कोल्हापूरचं पब्लिक ते, शड्डू ऐकून गप्प बसतंय होय? पोरं, म्हातारे, सगळे उभे राहून आपापल्या मांड्या ठोकायला लागले. शिट्ट्या काय, आरोळ्या काय! पडद्यावरचा आवाज त्यात पार बुडाला. मला असा संताप आला! "अहो, गप्प बसा की! ऐकू द्या की!" मी ओरडले, पण ऐकतंय कोण. रडू फुटायचंच बाकी होतं.

"आबा, तुमचाच होता न्हवं?" मी त्यांच्या कानाशी किंचाळले.

आबा उभे होते. छाती पुढं, डोळे लकाकत होते. "माझाच की! न्हायतर एवढी माणसं पेटली असती व्हय?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बघत काय ऱ्हायलीस? ठोक की!"

मी? एवढ्या गर्दीत, साडी नेसून? पण अंगात असं काही संचारलं होतं की मी उठले आणि मांडीवर हात हाणला. आबांनी ते बघून नकारार्थी मान हलवली, माझा पंजा हातात घेतला आणि बोटं जराशी आत वळवली.

"पोकळ धर," ते म्हणाले. "आता मार."