मुलूक वाटणारे मुनीरमास्तर

वर्ष सुरू झालं की पहिल्याच तासाला मुनीरमास्तर देश वाटायचे. देवळात खडीसाखर वाटतात, तसे. त्यांचं बोट आलं की पोरगा उठायचा आणि पुन्हा बसेपर्यंत त्याचा मुलूक बदललेला असायचा. "तू ईरान. तू जपान. तू रे... आधी नाक पूस. हां, तू मिस्र, पिरॅमिडवाला इजिप्त." मग वर्षभर मास्तर कुणाला नावानं हाक मारत नसत. "काय जपान, आज उशीर?" किंवा "मिस्रला कुणी तरी हलवा रं, झोपलाय तो."

औरंगाबादेत तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्या सरकारी शाळेत सगळं शिकणं उर्दूत, भूगोलाला जुग्राफिया म्हणायचं. मास्तर मूळचे अजिंठ्याचे. फळ्याकडे तोंड असलं की उर्दू बोलायचे, आमच्याकडे वळले की मराठी. "मुलूक पाठ करून येत नसतो," ते म्हणायचे. "तिथं गेल्यावर तहान लागली तर पाणी मागता आलं पाहिजे. पाणी नाय मागता आलं, तर तो मुलूक तुला आलाच नाय." म्हणून ज्यानं त्यानं आपल्या देशाच्या भाषेत पाणी, भाकरी आणि आई असे तीन शब्द आणायचे. आम्ही कुठून आणणार? शेवटी मास्तरच सायकलीवरून छावणीत जायचे, लढाईवरून परतलेल्या शिपायांना गाठायचे. शहागंजात एका इराण्याचं हॉटेल होतं, तिथं एका चहावर तासभर बसायचे. इराण्यानं त्यांना चहापेक्षा शब्दच जास्त पाजले असतील.

माझ्या वाट्याला स्वित्झर्लंड आला आणि मी रडकुंडीला आलो. कुणाला समुद्र, कुणाला पिरॅमिड, आणि मला बर्फ. वर तिथं भाषा चार! म्हणजे सगळ्यांना तीन शब्द आणि मला बारा. मी लहानपणापासूनच कामचुकार, लगेच उभा राहिलो. "मास्तर, मला बदलून द्या."

"अरे, लई सोपा मुलूक दिलाय तुला. आपल्या रियासतीत बघ. तेलुगू, मराठी, कानडी, उर्दू. चारच की! तुला तर घरच्या घरात बसवलंय मी."

तीन भाषांतलं पाणी त्यांनी मला आणून दिलं. चौथीतलं काही मिळालं नाही, आणि त्याची त्यांना खरोखर लाज वाटायची. रस्त्यात दिसलो तरी म्हणायचे, "तुझी एक जबान बाकी हाय माझ्याकडं."

त्याच वर्षी मोहतमीम, म्हणजे शाळा तपासणारे मोठे साहेब, आमच्या वर्गावर आले. मी स्वित्झर्लंड असा काही घडाघडा म्हणून दाखवला, की साहेब म्हणाले, "शाबाश!" घरात ही गोष्ट मी सणावारी सांगतो, ती या शाबासकीवर थांबते. पोरं हसतात, बायको पानं घ्यायला उठते. पुढचं मी कधी सांगितलेलं नाही.

पुढं असं झालं. साहेबांनी हसत विचारलं, "तो फिर बताओ, बग़ैर बादशाह के वो मुल्क चलता कैसे है?"

एका शाबासकीनं माझं पोट भरलेलं नव्हतं. मी म्हणालो, "जी, बादशाहवाले मुल्क से अच्छा चलता है."

वर्गाच्या भिंतीवर हुजूरांची, म्हणजे निजामाची, तसबीर होती. साहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अच्छा? ये किसने सिखाया?"

मास्तरांनी हे शिकवलं नव्हतं. त्या मुलखात राजा नाही, लोक मत देऊन माणसं निवडतात, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. 'चांगला चालतो' हे माझ्या काकाचं बोलणं. काका निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात हर्सूलच्या जेलात जाऊन आला होता. पुन्हा वॉरंट निघालं म्हणून आमच्या मागच्या खोलीत लपून होता. वडील तालुकदार कचेरीत कारकून. काका घरात असल्याचं बाहेर फुटलं असतं तर तो पुन्हा हर्सूलला आणि वडील नोकरी जाऊन घरी, एवढं मलाही कळत होतं. मी हात वर केला आणि मास्तरांकडे बोट दाखवलं.

मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, हातातला खडू खाली ठेवला. मग साहेबांना म्हणाले, "जी हाँ. सबक़ मेरा ही है."

शाळा सुटल्यावर त्यांनी मला फाटकापाशी गाठलं. आवाज अगदी खाली. "घरी कोण आलंय रे तुझ्या?"

"कुणी नाय."

"कुणी नाय ना? मग ठीक हाय. कुणी विचारलं तर असंच सांग." आणि सायकलीवर टांग टाकून गेले. आठ दिवसांत त्यांना नोकरीवरून काढल्याचा हुकूम आला. जुग्राफियाला नवे मास्तर आले. त्यांनी आम्हाला आमची नावं परत दिली.

निजामाचं राज्य गेलं. काकाच्या गळ्यात हार पडले, आणि प्रत्येक हारागणिक काका लोकांना सांगायचा, "आमच्या पुतण्यानं एवढ्याशा वयात निजामाच्या साहेबाला तोंडावर सुनावलं!" लोक माझ्या पाठीवर थाप मारायचे. मी मान खाली घालायचो, त्यांना तो विनय वाटायचा. पुढं मॅट्रिक होताच या कीर्तीवर मला शिक्षकाची नोकरीही लागली. विषय भूगोल.

त्या सुमारास शहागंजात मला मास्तर दिसले. टपाल कचेरीच्या भिंतीला टेकून, पुढ्यात खोकं घेऊन, लोकांचे अर्ज लिहीत बसले होते. उर्दूतून मराठीत, मराठीतून उर्दूत. मला पाहताच खोक्यावरचे कागद बाजूला सारले. "बस, स्वित्झर्लंड! काय करतोस?"

मी नोकरीचं सांगितलं. ते इतके खूश झाले की मला बसवेना. जुन्या राजवटीनं राज्याविरुद्ध बोलल्याबद्दल ज्यांना काढलं होतं, त्यांना तेव्हा परत घेत होते. मास्तरांच्या पुढ्यातले अर्धे अर्ज तसलेच होते. मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही स्वतःचा का नाही केला?"

"केला असता रं. पण त्यात लिहावं लागतं, की मी असं असं बोललो म्हणून मला काढलं. मी कुठं बोललो होतो? झूट अर्ज लिहू व्हय?" दौतीचं बूच लावत ते हळूच म्हणाले, "खरं काय झालं ते सांगणारा एक साक्षीदार मिळाला, तर मात्र लिहिता येईल. पोरांत परत जावंसं लई वाटतं."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मीच म्हणालो, "मी येतो साक्षीला. पुढच्या आठवड्यात."

"ये," ते म्हणाले. "मी इथंच असतो."

पुढच्या आठवड्यात काकाचा सत्कार होता. त्यात त्यानं ती गोष्ट पुन्हा सांगितली आणि मलाही शाल मिळाली. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या वर्गाची परीक्षा. मग लग्न ठरलं. साक्ष द्यायची म्हणजे आपण कुणाकडे बोट दाखवलं होतं ते सांगायचं, आणि ज्या खात्यात नुकताच चिकटलो होतो त्याच खात्याच्या साहेबासमोर. शहागंजातून जायची वेळ आली तर मी दुसऱ्या गल्लीनं जायचो.

वर्ष गेलं. शेवटी एके दिवशी सगळी हकीकत स्वतःच्या हातानं लिहून, घडी करून खिशात घातली आणि गेलो. भिंतीपाशी दुसराच माणूस बसला होता. मी मास्तरांचं विचारलं.

"मुनीरमियाँ? ते तर अजिंठ्याला वारले. दिवाळीच्या आधी." त्यानं टाक दौतीत बुडवला. "बसा साहेब. कुणाच्या नावानं अर्ज करायचाय?"

निदान त्या वेळी तरी त्यांचं नाव घ्यायला हवं होतं. मी म्हणालो, "कुणाच्या नाही. सहज आलो होतो."