दोन सुयांचा टाका

रघूत्तम सरांचं वाईट व्हावं असं मला गेली दोन वर्षं मनापासून वाटत होतं, हे आधीच सांगून टाकते. पण त्यांचं वाईट केलं ते वनजानं. मी बघत बसले, आणि बघत बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आमच्या विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथून अजून पीएच.डी. मिळायची आहे. ते सरकारी आहे आणि अवाढव्य आहे. चार वर्षं रोज येणारी मुलगी एके दिवशी यायची बंद झाली, तर तिथं वॉचमनच्याही लक्षात येत नाही. वनस्पतिशास्त्र विभागात वनजाचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. बाबांना हेब्बाळच्या आयटी कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही सांगलीहून म्हैसूरला आलो. वनजा मात्र पिढ्यान्पिढ्या इथलीच. तिचे पूर्वज राजाच्या घोडदळात होते. घोडदळ गेलं, पण तिचे वडील नरसिंगराव अजून बन्नीमंटपाजवळच्या घरात बसून दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या घोड्यांची खोगिरं नि लगाम शिवतात. पहिल्या दिवशी मी मराठी बोलले तेव्हा ती म्हणाली, "तुमचं मराठी टीव्हीतलं हाय. आमचं सुम्ने, घरातलं." सुम्ने म्हणजे कन्नडमध्ये उगीच, नुसतं.

तिचं संशोधन येलवालच्या आसपासच्या तळ्यांकाठी उगवणाऱ्या लव्हाळ्यांवर होतं. पहाटेची बस धरायची, गुडघाभर चिखलात उतरायचं, नमुने आणायचे, वाळवायचे आणि जाड कागदावर बसवायचे. त्या कागदाला आम्ही शीट म्हणतो. आम्ही बाकीचे डिंक लावून मोकळे होतो. वनजा खोगिराचा टाका घालायची. एका मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि त्या दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर ओढायच्या. कागद उलटा केला तरी शिवण सारखीच दिसते, आणि एक टाका तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. मी दोन वर्षं शेजारी बसून ते पाहिलं. एकदा शिकायला गेले तर अर्ध्या तासात बोटं रक्ताळली आणि मी नाद सोडला.

अशी चारशे बारा शीटं तिनं केली. त्यातली तीन तळी आता बुजली आहेत, तिथं घरांचे प्लॉट पडलेत. म्हणजे ते नमुने परत गोळा करायचे म्हटले तरी कुणाला मिळणार नाहीत.

रघूत्तम सर तिचे गाइड आणि आमचे विभागप्रमुख. सही मागायला गेलं की मान वर न करता म्हणायचे, "नाळे बा." उद्या ये. वनजाला त्यांनी एका सहीसाठी सलग अकरा दिवस नाळे बा केलेलं मी मोजलंय. चौथ्या वर्षी तिला कावीळ झाली. तीन महिन्यांनी परत आली तेव्हा तिच्या शीटांवरची लेबलं बदललेली होती. सगळ्यांवर संग्राहक म्हणून संकर्षणचं नाव होतं. हा संकर्षण सरांच्या मेहुण्याचा मुलगा. वनजाची नोंदवही सरांच्या कपाटात जमा होती, ती सापडेना. फोटो होते, पण फोटोत लव्हाळे होते, ती नव्हती.

चौकशी समिती बसली. वनजानं शिवणीचं सांगितलं, तर संकर्षण शांतपणे म्हणाला, "मीच शिवलीत." मग समितीनं मला बोलावलं. वनजाला शीटं शिवताना मी पाहिलं होतं का, एवढाच प्रश्न होता. माझ्या पुढच्या वर्षाच्या नोंदणीवर सरांची सही व्हायची होती. मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

वनजानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली. हेब्बाळला एका कारखान्यात माल तपासायच्या कामाला लागली, असं ऐकलं. बाबांच्या कंपनीच्या बसमागून तिच्या कारखान्याची बस जायची, आणि मी दोन वर्षं त्या रस्त्याला जायचं टाळलं. एवढं मात्र सांगते, ती रडून गप्प बसणाऱ्यातली नाही हे मला ठाऊक होतं. ती वाट बघत असणार, अशी मला खात्री होती.

आमच्याकडे पीएच.डी.ची तोंडी परीक्षा उघडी असते. पंधरा दिवस आधी बोर्डावर नोटीस लागते, कुणीही येऊन बसावं, कुणीही प्रश्न विचारावा. प्रत्यक्षात येणारे चहा-बिस्किटांसाठी येतात, आणि प्रश्न गाइडनं आधीच वाटून दिलेले असतात. संकर्षणच्या परीक्षेची नोटीस लागली तेव्हा मी तिचा फोटो काढून वनजाला पाठवला. पुढे काही लिहिलं नाही.

ती आली. कारखान्याच्या निळ्या कोटातच आली आणि शेवटच्या रांगेत बसली. सरांनी तिला पाहिलं, पण हाकलणार कसं, हॉल सगळ्यांना उघडा. संकर्षणनं पडद्यावर छान चित्रं दाखवली. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई खूश दिसत होत्या. श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय का, असं त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं.

वनजा उठली. कन्नडमध्ये, अगदी सावकाश म्हणाली, "प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय की सर्व नमुने संशोधकानं दोन सुयांच्या टाक्यानं स्वहस्ते शिवले. हा टाका कसा घालतात, ते बघायचं होतं."

ते वाक्य तिचंच होतं, आजारी पडण्याआधी सरांकडे दिलेल्या कच्च्या मसुद्यातलं. आळशी माणसानं चोरी करताना तेवढं तरी गाळायचं, पण यानं प्रकरणच्या प्रकरण उचललं होतं.

तिनं पुढे जाऊन टेबलावर एक कोरा कागद ठेवला, ताजा लव्हाळा ठेवला, मेणवलेला दोरा नि दोन सुया ठेवल्या. सर म्हणाले, हा प्रश्न विषयाला धरून नाही. परीक्षक बाई म्हणाल्या, "पद्धतीबद्दलचा आहे. चारशे बारा शिवलेत, एक शिवायला किती वेळ लागतो?"

संकर्षणनं एक सुई उचलली. दोरा ओवायला त्याला तीन वेळा थुंकी लावावी लागली. दुसऱ्या सुईचं काय करायचं ते त्याला कळेना. त्यानं सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते. दुसऱ्या टाक्याला कागद फाटला. हॉलमध्ये कुणीतरी हसलं, ती मी होते.

वनजानं त्याच्या हातातून सुई घेतली, फाटका कागद उलटा केला आणि उभ्याउभ्याच लव्हाळा शिवून टाकला. मग तो कागद आणि प्रबंधाबरोबर मांडलेलं एक शीट, दोन्ही पालथी करून परीक्षक बाईंपुढे सरकवली. बाईंनी बराच वेळ बोट फिरवून पाहिलं. त्या दिवशी त्यांनी सही केली नाही, आणि आठवड्याभरात नवी चौकशी लागली.

चौकशीच्या आधल्या शनिवारी मी बन्नीमंटपाला वनजाच्या घरी गेले. माफी मागायची म्हणून चार वाक्यं पाठ केली होती. नरसिंगराव दारातच लगाम शिवत बसले होते. म्हणाले, "या अम्मा, सुम्ने उभं का राहिलासा?" वनजानं कॉफी दिली. माझी चार वाक्यं तिनं पूर्ण ऐकून घेतली, आणि साखर पुरे का, एवढंच विचारलं. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. खिडकीतून पाहिलं तर रघूत्तम सर, हातात फळांची पिशवी.

"रोज येतात," वनजा म्हणाली. "शीटं मी राजीखुशीनं दिली असं लिहून पाहिजे. सोमवारच्या आत."

"मग तू काय सांगतेस?"

"मी काय सांगणार? अप्पा सांगतात, नाळे बन्नी. उद्या या. आज दहावा दिवस." तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला. "आज अप्पांना काम हाय. तू जाऊन सांग."

माझा प्रबंध पुढच्या महिन्यात जमा व्हायचा आहे. त्यावर विभागप्रमुखांची सही लागते. चौकशी काय ठरवेल ते कुणी सांगावं, तोपर्यंत विभागप्रमुख तेच आहेत. हे वनजाला माझ्याइतकंच माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती, समितीपुढे बघितलं नव्हतं तसं, सरळ डोळ्यांत.

"तेव्हा तोंड बंद ठेवलीस," ती म्हणाली. "आता उघड."

नरसिंगरावांनी दोन्ही सुया ओढून टाका घट्ट केला आणि मला वाट द्यायला पाय बाजूला घेतले. मी फाटकापाशी गेले. सरांनी मला ओळखलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका झाल्यासारखं हसू आलं.

"नाळे बन्नी, सर," मी म्हटलं, आणि कडी लावून घेतली.