तीन मजल्यांचे सर

एक माणूस एकाच वेळी तीन ठिकाणी असू शकतो, हे मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक असूनही छातीठोकपणे सांगतो. कारण लवळ्याच्या टेकडीवरच्या आमच्या विद्यापीठात तासिकेवर येणारे एक सर अकरा वर्षं हेच करत होते. मी तिथे कायम नोकरीत, ते तासापुरते. पण तास इतके, की ते मला नेहमी जिन्यातच भेटायचे, एक पाय वरच्या पायरीवर. पदव्या तीन विषयांच्या, त्यामुळे वाणिज्यच्या वर्गात सुरू केलेलं वाक्य ते मानसशास्त्राच्या वर्गात संपवत. एकदा मानसशास्त्राच्या एकशेवीस मुलांना त्यांनी चुकून अर्धा तास वाणिज्यातला घसारा, म्हणजे यंत्रांची झीज, शिकवला. मुलांनी निमूट उतरवून घेतला. शेवटी एकीनं विचारलं, "सर, घसारा बरा होतो का?" सर म्हणाले, "नाही. दरवर्षी थोडा थोडा वाढतो."

तास अंगात इतका मुरलेला, की कुठेही गेले तरी पंचेचाळीस मिनिटांनी उठायचेच. माझ्या मुलीच्या लग्नात तिसऱ्या मंगलाष्टकाला त्यांनी हातातल्या अक्षता माझ्या हातात ओतल्या आणि "उरलेलं पुढच्या तासाला" म्हणून ते निघाले. टेकडीजवळच्या नांदे गावात ते खोली घेऊन राहत. घरमालकीणबाई शेळ्या पाळणाऱ्या. एका वर्गात एकशेवीस मुलं असतात हे कळल्यावर त्या मला म्हणाल्या, "एवडी शेळी येकट्या मान्साला न्हाई आवरत. दोन मानसं लागत्यात, आन वर कुत्रं. तुमच्याकडं कुत्रं तरी हाय का?"

हाच प्रश्न, जरा सभ्य भाषेत, विचारायला एक समिती येणार होती. विद्यार्थी फार, शिक्षक थोडे. प्रमाण काही केल्या बसेना. संचालकांनी सरांना बोलावून घेतलं. "तळमजल्यावर वाणिज्य, दुसऱ्यावर मानसशास्त्र, चौथ्यावर मराठी. समिती लिफ्टनं येईल, तुम्ही जिन्यानं. एवढं पार पडू द्या, मग तुमच्या कायम होण्याचं बघतोच." सरांना नाही म्हणता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना आशाही होती.

त्या दिवशी कपडे घेऊन मी जिन्यात उभा. तळमजल्यावर सर कोटात, दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या पांढऱ्या एप्रनमध्ये, चौथ्यावर झब्ब्यात. झब्ब्याची गुंडी लावायला वेळच मिळाला नाही. समितीच्या अध्यक्ष बाई वयस्कर होत्या, नजर मात्र ताजी. चौथ्या मजल्यावर त्यांनी सरांकडे नीट पाहिलं.

"तुमचे दोन भाऊ खाली भेटले मला."

"हो बाई, आम्ही तिघं."

"तिघांनाही धाप लागते?"

संचालक खोकले. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दारापर्यंत आलेल्या माझ्या हातातल्या कोटाकडे. मला वाटलं, आता काहीतरी सावरून घेतील.

"तुमच्यापैकी पूर्णवेळ कोण?" बाईंनी विचारलं.

"कोणीच नाही," सर म्हणाले. "तिघंही अर्धवेळ."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं.

पुढे अहवाल आला, आणि जागा भरणं भाग पडलं. सरांनी तिन्ही विषयांसाठी अर्ज केले. मुलाखतीत त्यांना पूर्णवेळ शिकवल्याचा अनुभव विचारला. तो कुठून असणार? तीन तरुण उमेदवार लागले. त्यांना कुठला फळा पुसला जात नाही आणि कुठल्या वर्गाच्या शेवटच्या बाकांपर्यंत आवाज पोचत नाही, हे सरांनीच फिरून फिरून दाखवलं. मी चिडलो, तर म्हणाले, "अहो, मुलांना प्रत्येक विषयाला माणूस मिळाला. एवढं तरी झालं ना?"

आता त्यांच्याकडे फक्त बुधवारचा एक वर्ग उरलाय, तोही छोटा. परवा ते कॅन्टीनमध्ये चक्क बसलेले दिसले. मी समोर बसलो, तर अपूर्वाईची गोष्ट सांगावी तसे पुढे वाकून म्हणाले, "या वर्गातली सगळी नावं पाठ झाली मला." आणि पहिल्या बाकापासून एकेक नाव सांगू लागले, कोण लांबच्या रिहे गावाहून येतं, कोण डावखुरं आहे, कोण प्रश्न विचारायला लाजतं. माझ्या वर्गातली चार नावं मला सांगता आली नसती. मी चहा ढवळत राहिलो. एका नावाशी ते अडले. विसरले असं मला वाटलं.

"ही आज आली नव्हती," ते म्हणाले. "बरं नसेल तिला."

आणि ते विद्यापीठाच्या फाटकाकडे बघत राहिले.