खुंट्यावर सोडलेला दोर

आर्णीच्या बाजारात आपल्यासारखा दोर वळणारा कोणी नाही, असं रहमत स्वतःच सांगत असे. लोकांना त्याच्या बढाईचा कंटाळा यायचा, पण दोर घ्यायला ते त्याच्याकडेच जायचे. अठ्ठावन्न साली मात्र लेकीच्या लग्नाच्या गडबडीत साल सुटावी म्हणून भिजत घातलेली त्याची अंबाडी चार दिवस जास्त पाण्यात सडत राहिली. तिचा वाख, म्हणजे सालीचा धागा, निघाला तो इतका मऊ, की रहमत खूशच झाला. त्याचा लांबलचक दोर वळून त्याने तांड्यावरच्या हिरासिंगला दिला.

हिरासिंगला तो खुंट्यासाठी हवा होता. खुंटा म्हणजे नदीच्या पात्रात एकटाच उभा असलेला दगडी सुळका, दोन ताडांएवढा उंच. आसपासचे तरणेबांड गडी पैजा लावून त्यावर चढायला येत आणि निम्म्यातून परत फिरत. हिरासिंग दर चैत्रात मधासाठी थेट माथ्यावर जायचा. मागच्या भेगांना धरून चढता येई. उतरताना मात्र त्या पायाला सापडत नसत. म्हणून वरच्या धोंड्याला दोर बांधूनच खाली यावं लागे.

त्या चैत्रातल्या एका सकाळी हिरासिंग दोर घेऊन गेला आणि रहमत उरलेला वाख वळायला बसला. जरा ताण दिला तोच पेड हातात तुटला. दुसरा घेतला, तोही गेला. हिरासिंगचा दोर याच वाखाचा होता. बायको खैरुनबी काही विचारायच्या आत त्याने घरच्या विहिरीचा दोर सोडून घेतला आणि सायकलवर टांग मारली. कोसभर वाट संपता संपेना. आपण पोचायच्या आत तो पडला असेल, हा एकच विचार डोक्यात.

हिरासिंग माथ्यावर होता. दोर बांधून सोडलेला, आणि एक पाय कड्याखाली निघालेला.

"उतरू नको! हिराभाऊ, तो दोर सडका हाय!" रहमत ओरडला.

खाली धूर करत बसलेली हिरासिंगची बायको धनीबाई ताडकन उठली. "काय म्हनता, भाऊ? तुमीच तं देला ना त्यायले?"

"मीच देला, बाई. माह्याच हातून चुकी झाली."

हिरासिंगने पाय वर घेतला. मधाचा डबा सोडायची सुतळी त्याने खाली टाकली. रहमतने तिला विहिरीचा दोर बांधला. हिरासिंगने तो वर ओढून बांधला आणि वाकून विचारलं, "रहमतभाई, हा तं पक्का हाय ना?"

हा दोर तीन वर्षं विहिरीच्या ओलीत होता. आतून कसा असेल, कोण सांगणार? 'हो' म्हणायची त्याला भीती वाटली, सरळ सरळ भीती. धनीबाई त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"थांब," एवढंच तो म्हणाला. दोर धरून, पन्नाशीचं जड अंग ओढत तो वर चढू लागला. डोक्याएवढा उंच, मग त्याच्या दुप्पट. खाली नुसते धोंडे. दोर करकरला तसे त्याने डोळे घट्ट मिटले, पण हात सोडले नाहीत. दोन-तीन झोके खाऊन तो उतरला तेव्हा तळहातांची सालटी निघाली होती.

"आता ये."

हिरासिंग सुखरूप खाली आला.

पुढे दुकानात कोणी दोर पक्का का, असं विचारलं की रहमत उत्तर देत नसे. दारातल्या निंबाला दोर बांधून तो स्वतःच लटकायचा. गिऱ्हाइकं हसायची. डोळे मिटून लटकलेल्या नवऱ्याकडे पाहताना खैरुनबीला मात्र कधीच हसू आलं नाही.