जहाजाला आरसा नसतो

बसड्रायव्हरची नोकरी संपून गेली, तरी गल्लीत सगळे त्यांना ‘थांबकाका’च म्हणत. स्टॉप सोडण्याआधी ते बाजूच्या आरशात बघायचे आणि कुणी धावत येताना दिसलं, की ब्रेकवरचा पाय काढायचेच नाहीत. प्रवासी चिडायचे, साहेब झापायचे, काका ढिम्म!

अशा माणसाने जहाजाच्या सफरीसाठी बंदरावर आदल्या दिवशीच पोहोचायचा हट्ट धरला, तेव्हा काकूंना हसू आवरेना.

“अहो, लेक म्हणते त्याच दिवशी सकाळच्या विमानाने निघालं तरी चालेल. जन्मभर लोकांचा उशीर पोटात घातलात, आणि आता आपलीच एवढी घाई?”

“विमान रखडलं तर? जहाजाला आरसा नसतो गं,” काका म्हणाले. विषय संपला.

आदली रात्र बंदराजवळच्या खोलीत काढून दुसऱ्या दिवशी दोघं सगळ्यांच्या आधी जहाजावर चढली. काकूंनी कठड्याजवळची जागा पटकावली. आता नवऱ्याला जरा चिडवावं, असं त्यांच्या मनात होतं. तेवढ्यात शिडी काढली, भोंगा वाजला, आणि धक्क्यावरून एक जोडपं बॅगा ओढत, हात हलवत धावत येताना दिसलं. जहाज हललं.

काकूंनी वळून नवऱ्याकडे बघितलं आणि त्यांचं चिडवणं ओठांतच राहिलं. काका दोन्ही हातांनी कठडा धरून उभे होते, आणि त्यांनी उजवा पाय डेकवर गच्च दाबून धरला होता.